लिंबाजीच्या दारात जुली भुंकली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून नव्हे – माझ्या तोंडून निघालं नाही म्हणून. देवळात डोळे मिटले तरी देवापुढे मी याच्या अलीकडेच थांबतो. आज लिहायला बसलोय तर तीन वेळा उठून पाणी पिऊन आलो. तहान लागली होती असं नाही.

मी पोलीस खात्यात कुत्रं सांभाळायचो. हसू नका, घरचेही हसायचे. श्वान पथकात हँडलर होतो, हाताखाली जुली नावाची डॉबरमन कुत्री. काळी, सडसडीत, कानाची तिखट. तिला मी हातानं भरवलं, तिच्या तापात कुत्र्यांच्या गोठ्यासारख्या खोलीत तिच्याशेजारी झोपलो. माणसांत मला फारसं कुणी विचारायचं नाही. पण जुलीची दोरी हातात घेऊन गावात उतरलो की सगळं गाव बाजूला व्हायचं. तो मान तिचा होता, हे मला कळायचं. पण अंगावर यायचाच की तो! कुणाला नको असतो?

आणि गावाचा तिच्यावर केवढा विश्वास! पोलिसावर कुणाचा नसतो, साहेबावर नसतो, पुढाऱ्यावर तर नसतोच. पण कुत्रं एखाद्या दारात थांबलं की विषय संपला. मुकं जनावर, त्याला ना जात ना पैसा, ते कशाला खोटं बोलेल? हे वाक्य मी इतक्या गावांत ऐकलंय की मलाही ते खरं वाटायचं. अजूनही वाटतं. जुली कधीच खोटं बोलली नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. शाळांमध्ये, परेडच्या दिवशी आम्ही कुत्र्यांचे खेळ दाखवायचो. बस म्हटलं की बसायचं, सलाम म्हटलं की पंजा उचलायचा. जुलीला मी एक जास्तीची गंमत शिकवली होती. मी अंगठ्यानं मांडीवर दोनदा टिचकी मारली की ती भुंकायची. तोंडानं काही बोलायचं नाही, कुणाला दिसायचंही नाही. पोरं टाळ्या पिटायची. साहेबांनाही ठाऊक नव्हतं ते, आमचं दोघांचंच होतं.

तुमच्या लक्षात आलं असेल. तरी मला ते माझ्या तोंडानं सांगू द्या.

गावाचं नाव लिहीत नाही, ठाण्याचंही नाही. सिरसाळ्याच्या बाजूचं गाव होतं एवढं पुरे. तिथं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, एक म्हातारी एकटी राहायची. बड्या घरची बाई, पण पुतण्याशी पटत नव्हतं म्हणून शेतात राहायला गेलेली. सकाळी तिचा सालगडी धारा काढायला गेला, तर ती मरून पडलेली. गळा दाबलेला आणि गळ्यातलं सोनं गेलेलं. बोंब मारून गाव गोळा केलं ते त्या सालगड्यानंच. त्याचं नाव लिंबाजी.

विहिरीपाशी एक रुमाल सापडला होता. मी जुलीला त्याचा वास दिला. ती कापसाच्या सऱ्यांतून सरळ निघाली, नाक जमिनीला, दोरी ताणलेली. मला मागे पळता भुई थोडी झाली. गाडीवाट, मग डांबरी रस्ता, मग गाव. आणि ती जाऊन थांबली म्हातारीच्या पुतण्याच्या घरापाशी. मोठं लोखंडी गेट. तिनं पुढचे पाय गेटवर टाकले आणि खालच्या फटीत नाक घातलं.

तपासावरचे साहेब मागून आले. ते एवढंच म्हणाले, की घरचीच माणसं आहेत, जाणं-येणं असणारच, पुढे घ्या. यात चूक काय होतं? पुतण्याचा वास आखाड्यावर असू शकतो. पुतण्यानं केलं असं मी म्हणत नाही – मला माहीत नाही, आजही माहीत नाही. पण जुलीला तिथून हलायचं नव्हतं. मी दोरी आखडली आणि तिला ओढून काढलं. त्या घरातून निवडणुका लढवल्या जायच्या. माझी बदली कुठे करायची, हे त्या ओसरीवर बसून ठरू शकत होतं.

मग ती भरकटली. इकडे हुंग, तिकडे हुंग. मागे अख्खं गाव, दोघातिघांचे मोबाइल वर धरलेले. साहेब सारखं घड्याळ बघत होते. त्याआधीच्या काही गुन्ह्यांत जुलीला माग लागला नव्हता आणि ‘कुत्री म्हातारी झाली, हिला आता घरी बसवा’ असं वर चाललं होतं. तिला घरी बसवलं की मी मुख्यालयाच्या गेटावर पहाऱ्याला. रिकाम्या हातानं परत जायचं? कुत्रं चालत असतं हँडलरच्या पायानं, हे बाहेरच्याला कळत नाही. माझे पाय गावाबाहेरच्या वस्तीकडे वळले, म्हणून तीही वळली.

लिंबाजी आपल्या दारात उभा होता. बायको आत, पोरगा परमेश्वर बाजूला, वीस-बावीसचा. लिंबाजीनं जुलीला बघितलं, तिची जीभ बाहेर आलेली. तो आत गेला आणि घमेल्यात पाणी घेऊन आला. “जनावर दमलंय,” म्हणाला. जुली पाणी प्यायली. मान वर करून तिनं माझ्याकडे बघितलं – काम झालं का, असं.

मी मांडीवर दोनदा टिचकी मारली.

साहेबांनी सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. साहेबांच्या डोक्यावर खापर फोडता आलं असतं तर हे मी केव्हाच, कुणाहीपुढे ओकलो असतो. तो अंगठा माझा होता. जुली भुंकली, लोक ‘घावला, घावला’ म्हणत पुढे सरकले, आणि मी तिला खिशातलं बिस्कीट दिलं. तिनं शेपूट हलवत खाल्लं.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आमच्या खात्यात सगळ्यांना पाठ. मीही हसत हसत वापरायचो.

लिंबाजीला नेलं. पोरालाही नेणार होते, पण दुसऱ्याच दिवशी कळलं की लिंबाजीनं कबूल केलं. खोटं कशाला बोलू – मला बरं वाटलं! हलकं वाटलं. म्हणजे त्यानंच केलं होतं तर; म्हणजे मी टिचकी मारली ती खऱ्यावरच मारली. मी त्या रात्री पोटभर जेवलो. कबुली कशी निघते हे पोलिसाला कुणी शिकवायचं का? तरीही मी जेवलो.

खटल्यात माझी साक्ष झाली. शपथ घेऊन सांगितलं, की श्वान जुली आरोपीच्या दारात थांबली आणि भुंकली. शब्दाला शब्द खरं होतं. वकिलानं विचारलं, आधी कुठे थांबली होती का? मी म्हणालो, रस्त्यात हुंगत होती. न्यायाधीशांनी शेवटी कुत्र्याचं भुंकणं पुरावा धरला नाही, ठाण्यातली कबुलीही धरली नाही. सोनं तर सापडलंच नव्हतं. लिंबाजी सुटला, पण तोवर काही वर्षं आत काढून. आणि कोर्टानं सोडलं म्हणून गाव सोडतं का? गावाच्या लेखी कुत्रं भुंकलं होतं.

जुली गेली. मी निवृत्त झालो आणि परळीत घर केलं. मग एकदा सिरसाळ्याच्या बाजारात मागून कुणीतरी ‘साहेब’ म्हणून हाक मारली. लिंबाजी होता. उजवा हात कोपरात वाकलेला, तो सरळ होत नव्हता. आता हा चारचौघांत गचांडी धरणार, असं वाटलं. धरली असती तर किती बरं झालं असतं! त्यानं मला हॉटेलात नेलं, चहा सांगितला आणि पहिलं काय विचारलं, तर कुत्री कशी आहे. गेली म्हटल्यावर हळहळला.

मग खाली बघत बोलला. मी त्याला काही विचारलं नव्हतं. त्यालाच कुणाशी तरी बोलायचं होतं आणि अख्ख्या मुलखात त्याला मी सापडलो.

“त्या कुत्र्यावर माजा राग न्हाई, साहेब. मुकं जनावर ते, खोटं कशाला बोलंल? म्या काय केलं न्हाई, हे मला ठावं हाय. मग घरात ऱ्हायलं कोण? पोरगंच की. मारत व्हते तवा वाटलं, आपुन हो म्हनलं तर पोरगं तरी वाचंल.”

मी विचारलं, पोराला कधी विचारलंस का?

“न्हाई इचारलं. इचारलं अन् हो म्हनला, तर?”

तेव्हा सांगायला हवं होतं. समोर बसला होता, हातभर अंतरावर. एक वाक्य – तुझ्या पोरानं काही केलं नाही, माझा अंगठा हलला होता. मी चहा प्यायलो. आणखी एक चहा सांगू का म्हणाला, तर नको म्हणालो, गाडी आहे. गाडीला भरपूर वेळ होता.

इथं तरी हे संपायला हवं होतं ना? नाही संपलं. गेल्या उन्हाळ्यात परमेश्वर पत्ता काढत माझ्या दारात आला. वीजकेंद्रातली राख वाहणाऱ्या ट्रकांच्या धुळीनं डोक्यापासून पांढरा झालेला. पाणी दिलं, पण त्यानं तांब्या तसाच हातात धरून ठेवला. लिंबाजीला झटका आला होता, वाचा गेली होती. परमेश्वर म्हणाला, आबा नुसते बघत राहतात, हात धरतात आणि रडतात.

“आबानं ठाण्यात कबूल केलतं. गावानं टाकलं आमाला, पर म्या आबाला न्हाई टाकलं. कावून केलं, ते कदी इचारलं न्हाई. आता तर बोलनंच गेलं. साहेब, तुमी एकच सांगा. कुत्रं सोताहून आलतं का आमच्या दारात?”

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. बाप समजतो पोरानं खून केला. पोरगा समजतो बापानं केला. दोघांनी एकमेकांना पदरात घेतलंय, एकाच छपराखाली, एकाच ताटलीत भाकरी-कोरड्यास वाढून घेत – आणि दोघांपैकी कुणीच काही केलेलं नाही. आणि हे ठाऊक असलेला माणूस जगात एकटा मी.

आता भीती कसली होती? नोकरी नव्हती, साहेब नव्हते, बदली नव्हती. पुतण्याही केव्हाच पुण्याला गेलेला. आत बायको भाकरी थापत होती, तिला ऐकू गेलं असतं. पण तेही काही कारण नव्हे. पुष्कळ शोधलं, पण मला कारण सापडत नाही.

मी म्हणालो, हो. स्वतःहून आलं होतं.

परमेश्वरनं मान हलवली. तांब्यातलं पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला आणि माझ्या पाया पडून गेला.

त्यानंतर काही दिवसांनी लिंबाजी गेला. परमेश्वरनंच पाणी पाजलं, त्यानंच अग्नी दिला, असं कळलं. मी गेलो नाही. तो आता सिरसाळ्यात मालाच्या गाड्या भरतो. परळीहून तिथं जायला दिवसभर गाड्या असतात. हे मी तुम्हाला सांगितलं. त्याला सांगितलेलं नाही.