सतरा नंबरवाले भाऊजी

बडनेऱ्यापासून पातूरपर्यंत लग्नाची पत्रिका वाटताना लोक ज्या एकाच माणसाला बिचकतात, तो माणूस म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. तसे ते कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत. तंबाखू नाही, जेवणावरून रुसणं नाही. पण नवरी कोवळी दिसली की यांच्या अहेराच्या पाकिटातून सतरा नंबरचा फॉर्म निघतो. शाळा मधेच सुटलेल्यांनी बाहेरून दहावी-बारावीला बसायचा तो फॉर्म. आता तो ऑनलाईन भरतात, पण भाऊजींचा जीव कागदावर. नेट कॅफेतून छापून आणतात, माहीत असेल तेवढं पेन्सिलीनं लिहून ठेवतात आणि अक्षता पडल्या की स्टेजवर चढून नवरीला विचारतात, "बारावी झाली काय व माय तुही?" फोटोवाला खोळंबतो, नवरदेवाचा बाप घाम पुसतो. पातूरला त्यांच्या जुन्या दोस्ताच्या मुलीचा निकाह होता. दोस्त म्हणाला, "अरे भाऊ, पहले बिर्याणी तो खा लो." हे म्हणाले, "पहले दस्तखत, फिर बिर्याणी." नवरीची सही झाली तोवर ताट पार थंड झालं होतं. तशी चवदार बिर्याणी पुन्हा कुठं मिळाली नाही, असं भाऊजी अजून सांगतात.

जन्म गेला त्यांचा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. पत्ता घातलेला, नीट शिवलेला पार्सलाचा डाग फलाटावर पडून आहे आणि न्यायला कुणी येत नाही, हे त्यांना बघवत नसे. म्हणायचे, "वयनी, शाळा सुटलेली हुशार पोरगी दिसली की मले तो डागच आठवते." अकोल्याचा रस्ता रुंद झाला तेव्हा आम्ही सगळे बसमध्ये कौतुक करत होतो, तर हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "डांबर चांगलं टाकलं जी. पण याच्यावरून कामाले जाईन ते पोरगी आपण घरी बसवून राहिलो. मंग मुलूख एकट्या डांबरानं पुढं जाईन काय?" कंडक्टरनं तिकिटं फाडायचं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं होतं, मला आठवतं.

नुसता फॉर्म भरून ते सुटत नाहीत. परीक्षेच्या दिवसांत केंद्राबाहेरच्या कडुनिंबाला माझ्या नणंदेच्या जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधतात. पोरी आत पेपर लिहितात, हे बाहेर त्यांची लेकरं झुलवतात. अदलाबदल नको म्हणून प्रत्येक लेकराच्या झबल्याला आईचा परीक्षा नंबर लिहून टाचणीनं लावलेला. लेकरांना नावानं हाक नाहीच. "बत्तीस झोपला. एक्केचाळीसले भूक लागली." येणारेजाणारे हसतात. हसू देत.

आता माझं सांगते. सांगायला जड जातं, पण सांगते.

माझ्या मुलाच्या लग्नातही त्यांनी सुनेला फॉर्म दिला होता. अकरावीनंतर शिक्षण सुटलेली पोर, तिनं दोन्ही हातांनी घेतला. मी तो काढून घेतला आणि लोणच्याच्या बरणीखाली अंथरला. मग नातू झाला. सून एकदा हळूच म्हणाली, "आई, औंदा बसू काय परीक्षेले?" मी म्हटलं, "घरात तुले काय कमी आहे?" विषय संपला. म्हणजे मी संपवला.

फॉर्मची शेवटची तारीख आली त्या सकाळी भाऊजी बडनेऱ्याहून दारात हजर. मी चहा दिला. खालून कागदाचा कोपरा दिसला तशी त्यांनी बरणी उचलून फॉर्मवरचं तेलाचं गोल वर्तुळ पाहिलं आणि परत ठेवून दिली. रागावले असते तर मला बरं झालं असतं, मीही चार शब्द ऐकवले असते. त्यांनी विचारलं, "वयनी, तुमी पाचवीतून उठल्या. मंग एवढं वाचता कसं काय?" मी म्हटलं, "किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आलं. कोणी शिकवलं नाई मले."

"अन् शिकवलं असतं त?"

चहा निवला. एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही मला विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तेल लागलं जी त्या फॉर्मले." त्यांनी पिशवीत हात घातला. "दुसरा आणला म्या." नाव, गाव, सगळं भरलेलं. सही तेवढी राहिली होती. मी सुनेला हाक मारली.

पेपरच्या दिवशी झोळीजवळ मीही बसले. नातवाच्या झबल्यावर छप्पन. "आपला छप्पन रडून राहिला, वयनी," म्हणत ते दोरी हलवायचे. पेपर सुटला तशी पोर पदरानं पुढचं दुधाचं ओलं झाकत धावत आली. लेकराला छातीशी धरलं आणि म्हणाली, "आई, सगळं लिहिलं." आज ती नर्स आहे, पातूरच्या दवाखान्यात. छप्पन आता शाळेत जातो.

भाऊजी थकले. हात कापतात, झोळीची गाठ बसत नाही. यंदा गाठी मीच मारल्या. गेल्या आठवड्यात ते आले आणि एक फॉर्म पुढं ठेवला. दहावीचा. पेन्सिलीनं माझं नाव.

"या वयात, भाऊजी?"

"लेकरू लहान नाई, सासू नाई. आता काय कारण सांगान?"

"अन् मी आत बसल्यावर तुमी बाहेर झुलवान कोणाले?"

"मीच निजीन की झोळीत. माह्या सदऱ्याले तुमचा नंबर लावून देजा."

आम्ही दोघंही हसलो. मग त्यांना खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. मी पाणी आणलं. जाताना पायरी उतरायला त्यांनी प्रथमच माझा हात धरला.

सही मी अजून केलेली नाही. फॉर्मसाठी फोटो मात्र काढून आणला आहे, आणि डब्यातली एक चांगली टाचणी बाजूला काढून ठेवली आहे.