समुद्र पश्चिमेलाच असतो

फिलिपिन्समधल्या एका अख्ख्या गावाचा समुद्र मी चुकीच्या बाजूला ठेवला. निष्काळजीपणाने नव्हे, चांगला मन लावून ठेवला. निळ्या रंगाचे दोन हात दिले, लाटांसाठी कापूस चिकटवला. गाव पूर्व किनाऱ्यावरचं, आणि माझा समुद्र पश्चिमेला. हे कळलं तेव्हा ती प्रतिकृती इथे जपानमध्ये, निशी-कसाईतल्या आमच्या वस्तीच्या सभागृहात टेबलावर मांडून झाली होती, आणि जिचं ते गाव, ती आमची शेजारीण त्या समुद्राकडे बघत उभी होती.

शेजारीण वृद्धाश्रमात काम करते. नवरा जपानी, स्वभावाने गरीब. मला ती 'कुया' म्हणते, म्हणजे दादा. बायकोशी तिची खास मैत्री. आमच्याकडून साबुदाण्याची खिचडी जाते, तिकडून शेवयांसारख्या नूडल्स येतात. तिचं दुःख मला या देवघेवीतूनच कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिची आई आणि तिचे सासरे यांची अजून भेट नाही. आमच्याकडे व्याही-विहिणीत भांडणं असतात, अबोला असतो, पण त्यासाठीसुद्धा आधी एकदा भेटावं लागतं. तिची आई आता प्रवास करू शकत नाही. सासऱ्यांना विचारलं की ते म्हणत, तिथे समुद्र आणि ऊनच ना, ते इथेही आहे. आणि त्यांना एकटं ठेवून नवरा यायचा नाही. या नवीन वर्षाला तरी सगळ्यांनी जावं, एवढंच तिला हवं होतं.

सासरे आमच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. मंडळाच्या शरदातल्या उत्सवात यंदा परदेशी रहिवाशांनी आपापल्या गावाची माहिती मांडायची होती. अध्यक्ष प्रत्येक टेबलापाशी थांबणार, म्हणजे तिच्याही थांबणार. त्यांना एकदा गाव दिसलं की मन वळेल, असा तिचा हिशोब. ती फोटो चिकटवणार होती.

मी म्हणालो, फोटोंनी काय होतंय, मॉडेल करू.

मला कोणी विचारलं नव्हतं. पण मी पुण्याचा. दिवाळीत किल्ला केलेल्या माणसाला आयुष्यभर वाटत राहतं की आपण मुळात शिल्पकार, पोटासाठी सॉफ्टवेअरमध्ये आलो. आमच्या किल्ल्याला एकदा दुसरं बक्षीस मिळालं होतं. स्पर्धेत किल्ले किती होते ते मी सांगत नाही.

मग ती संध्याकाळी येऊन गाव सांगू लागली आणि मी पुठ्ठे कापत ऐकू लागलो. उत्तरेला नदीचं मुख, दक्षिणेला एक टोक, त्यावर प्रवाळाच्या दगडांचा टेहळणीचा मनोरा. मधे चौक. चौकाच्या एका अंगाला चर्च, समोर नगरपालिका, पलीकडे मासळीबाजार. मागे नारळ, त्यामागे डोंगर. पूर्वी गाव नदीच्या मुखाशीच होतं, पण दक्षिणेकडून समुद्रमार्गे लुटारू यायचे, म्हणून लोक आत डोंगरात पळाले. स्पॅनिश पाद्र्यांनी किनाऱ्यावर दगडी चर्च बांधून त्यांना परत खाली आणलं. वादळं त्या चर्चचं छप्पर उडवतात, त्यामुळे गावातली प्रत्येक पिढी 'जुनं छप्पर' म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर वेगळं छप्पर असतं. मग अबाका नावाच्या केळीसारख्या झाडाच्या धाग्याला भाव आला. त्याचे दोरखंड जगभरच्या जहाजांना जाऊ लागले आणि चौकात शिंपल्यांच्या तावदानांची घरं उभी राहिली. अमेरिकन आले, शाळा आली. मग युद्ध आलं. युद्ध तिने एका वाक्यात उरकलं, सैनिक कुठले होते ते त्या वाक्यात नव्हतं. मीही विचारलं नाही. त्या वेळी मला अचानक डिंक सापडेनासा झाला होता. पुढे नायलॉनचे दोर आले, अबाका पडला, आणि गावाने माणसं बाहेर पाठवायला सुरुवात केली. त्यातलीच ती एक.

हे सगळं मी नीट ऐकलं. फक्त नारळ, मासळी, खाडी, डोंगर एवढं कानावर पडल्यावर डोक्यात परस्पर कोकण उभं राहिलं होतं. आणि कोकणात समुद्र कुठल्या बाजूला, हे काय विचारायचं? डावीकडे निळं, मग हिरवी पट्टी, मग तपकिरी डोंगर. चर्चच्या दारात समुद्रावरचं ऊन येतं, असं ती बऱ्याचदा म्हणाली होती. मी त्यासाठी समुद्रामागे थर्माकोलवर सुंदर सूर्यास्त रंगवला. मनोऱ्याला बुरूज काढले. मावळेही ठेवणार होतो, पण ते बायकोने हाणून पाडलं. आणि पूर्ण झाल्याशिवाय किल्ला कुणाला दाखवायचा नाही ही आमची शिस्त, म्हणून शेजारणीने तो थेट सभागृहातच पाहिला.

"कुया, फार सुंदर आहे," ती म्हणाली. "पण आमच्याकडे सूर्य समुद्रातून वर येतो."

मी घाईघाईने प्रतिकृतीखालची अख्खी फळी गर्रकन उलटी फिरवली. समुद्र पूर्वेला आला खरा, पण नदी दक्षिणेला गेली, मनोरा उत्तरेला आला, आणि मी जपानीत लिहिलेली गावातली सगळी नावं डोक्यावर उभी राहिली. ती वाचायला टेबलाच्या मागे, भिंतीच्या फटीत जाऊन उभं राहावं लागे. आणि तिथून पाहिलं की समुद्र पुन्हा डावीकडे.

एवढ्यात सासरे आले. मंडळाचा निळा अंगरखा, हात पाठीमागे. ते सरळ त्या फटीत शिरले आणि वाकून एकेक नाव वाचू लागले. मी माझ्याकडच्या सर्वांत नम्र जपानीत माफी मागितली आणि सांगितलं की आमच्या देशात माझ्या बाजूला सूर्य समुद्रात बुडतो, हात आपोआप तसा चालला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सुनेला विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे समुद्रातून उगवतो?"

"हो."

"हिवाळ्यात वारा ईशान्येचा?"

"हो. मग होड्या वर ओढून ठेवतात. पुरुष जाळी दुरुस्त करतात आणि पितात."

सासरे हसले. त्यांचं लहानपण चिबा प्रांतात, पॅसिफिककडच्या पूर्व किनाऱ्यावर गेलं हे मला त्या दिवशी कळलं. शेजारणीला त्यांच्या गावाचं नाव तेवढं माहीत होतं, बाकी काही नाही. तिथेही असंच, ते म्हणाले, सूर्य समुद्रातून, होड्या वर आणि पुरुष दारूत. मग ते दोघं माझ्या डोक्यावरून वारे, लाटा आणि सुकवलेल्या मासळीबद्दल असे बोलू लागले की मी टेबलाचा चौथा पाय असल्यासारखा उभा होतो. मधेच त्यांनी माझ्या सूर्यास्ताकडे बोट केलं.

"मावळतीच्या समुद्राकाठी माणसं राहतात हे ऐकून होतो," ते मला म्हणाले. "इतकी हट्टी असतात हे माहीत नव्हतं."

नंतर त्यांनी सुनेला तिच्या आईचं घर दाखवायला सांगितलं. तिने बोट ठेवलं. तिथे मी डोंगर केला होता. तिने बोट थोडं सरकवलं, तिथे बुरूज होता. सासऱ्यांनी कंबर सरळ केली.

"यावरून काही कळायचं नाही," ते म्हणाले. "जाऊनच बघायला हवं. नवीन वर्षाला तिकडे थंडी नसते ना?"

नसते, असं शेजारणीने सांगितलं. आणि ते पुढच्या टेबलाकडे गेल्यावर बराच वेळ पाठमोरी उभी राहून माझ्या कापसाच्या लाटा सारख्या करत राहिली. त्यात सारखं करण्यासारखं काही नव्हतं.

घरी येताना मी बायकोला जरा संकोचाने, पण स्पष्ट सांगितलं की सगळं गाव बिनचूक केलं असतं तर म्हातारा जागचा हलला नसता. ही व्याही-विहिणीची भेट एका अर्थाने माझ्यामुळे होते आहे.

"होऊ दे की," ती म्हणाली. "सुनेच्या माहेरी सासरा निघाला. आता सासुरवाडी टाळणाऱ्या जावयाचं बघू. माझ्या माहेरी, अकोल्याला कुठल्याच बाजूला समुद्र नाही, तुला चुकायला काही जागाच नाही. बोल, कधी निघायचं?"