भरती-ओहोटी नसलेला समुद्र

आमच्या गेमचं नवीन एक्सपान्शन आलं, त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी खेळाडूंच्या पानावर भलंमोठं मत लिहून टाकलं. घोडबंदर रोडला बस अडकलेली, ऑफिसात वेळेवर पोचायची आशा माजिवड्यालाच सोडून दिलेली, मग करायचं काय? अंगठ्याने टाइप करत बसलो. समुद्र अप्रतिम, लाटांवर उन्हाची तिरीप पडते ती बघत राहावी अशी, उडणारे प्राणी जरा जास्तच झालेत, पण जहाजं एक नंबर. पाचपैकी पाच तारे. शेवटी ‘डोळे झाकून घ्या’ असंही ठोकून दिलं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने एवढं हुरळून जायला नको होतं, पण मी आहेच तसा. आवडलं की डोक्यावर घेतो आणि डोकं फिरलं की समोरच्याचं ऐकून घेत नाही.

ज्यांनी असले गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक मोठा काल्पनिक देश असतो. त्यात जादूगार, तलवारी, राक्षस, बंदरं, बाजार, आणि जगभरातली माणसं आपापल्या घरून एकाच वेळी तिथे वावरत असतात. दोन-तीन वर्षांनी कंपनी त्या देशाला नवीन मुलूख जोडते, त्याला एक्सपान्शन म्हणायचं. या वेळी जोडला तो समुद्र.

आमची टोळी पाच जणांची. मी कल्याणचा, टोळीचा म्होरक्या. तिघं डोंबिवलीचे, माझ्यासारखेच नोकरदार. आणि पाचवी मावशी. मावशी ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, वय पंचावन्नच्या पुढे. तिची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा कॉम्प्युटर आणि त्यातला आपला खेळाडू माहेरीच सोडून गेली. मावशी एकदा धूळ पुसायला म्हणून तिथे बसली ती पुन्हा उठलीच नाही. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आम्ही पाचही जण कॉलवर यायचो. तिच्या मागे कोंबड्या ओरडत असायच्या. एकमेकांना आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं, नुसते आवाज ओळखीचे.

मावशीने पाच वर्षांत तलवार हातात धरली नाही. ती मासे मारायची आणि रांधायची. आमच्या गेममध्ये लढाईआधी चांगलं जेवलात तर अंगात बळ येतं, त्यामुळे मावशीचं कालवण खाल्ल्याशिवाय आम्ही राक्षसासमोर उभेच राहत नसू. तिची स्वतःची छोटी होडी होती, निळी, कडेला पिवळा पट्टा. ती म्हणायची होरी. एकेक फळी जमवून तिने ती वर्षभरात बांधलेली. मात्र होड्या टोळीच्या नावावर असतात आणि किल्ली म्होरक्याकडे, तो दुसऱ्या कोणाला देईपर्यंत, असा गेमचा नियम आहे.

आणि मावशीचाही एक नियम होता. पावसाळा लागला की ती खेळायला यायची नाही. थेट नारळी पौर्णिमेनंतर यायची.

“या दिवसांत होरी पान्यात घालायची नाय,” ती सांगायची. “आनि होरीकडं बघितलं का जावंसं वाटतं. म्हनून मी येतच नाय.”

गेममध्येसुद्धा! आधीची वर्षं आम्ही हसून सोडून दिलं. जमिनीवरच्या लढाया होत्या, साठवलेलं कालवण पुरायचं. पण एक्सपान्शन आलं ते ऐन आषाढात, आणि सोबत शर्यत घेऊन. नवं मोठं जहाज बांधून जी टोळी सगळ्यात आधी पलीकडच्या दीपगृहाला पोचेल, तिची नावं बंदरावरच्या दगडात कोरली जाणार. मला ती नावं हवी होती. फार हवी होती. ऑफिसात माझं नाव कुठे लागायची शक्यता उरलेली नव्हती, निदान या दगडावर तरी लागावं असं वाटायचं. हसू नका.

मी मावशीला फोन लावला. म्हटलं, मावशी, हा समुद्र खोटा आहे, त्याला कसली आलीये बंदी? ती म्हणाली, “तुमी करा ना, बाला. मी पुनव झाली का येते.”

माझं डोकं फिरलं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात नवस, नारळ, मुहूर्त सगळं बंद आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. मावशीचं हे त्यातलंच काहीतरी असणार, असं मी ठरवून टाकलं. खरं तर वडिलांनी शिकवलं होतं की कोणी काही पाळत असेल तर आधी कारण विचारायचं, पटलं नाही तर मग सोडायचं. मी विचारण्याची पायरीच गाळली.

पुढच्या रविवारी जहाजाला बारा फळ्या कमी पडल्या. मुरलेलं जुनं लाकूड लागतं आणि ते जंगलात मिळत नाही. एक्सपान्शनने त्याची सोय करून ठेवलेली होती: जुनी होडी मोडा, फळ्या मिळवा. डोंबिवलीतला एक जण म्हणाला, “अरे, मावशीला विचारलंस का?” मी म्हणालो, “ती येतेय कुठे? आणि ही होडी नव्या समुद्रात चालणार पण नाही. नंतर तिला मोठी देऊ.” गेमने विचारलं, नक्की मोडायची? मी हो दाबलं. निळी होडी गेली आणि कोपऱ्यात बारा फळ्यांचा आकडा आला.

दीपगृहाला पोचलो तेव्हा दगडावर दुसऱ्याच कुठल्या तरी टोळीची नावं कोरून झालेली होती.

दोन दिवस मी कंपनीला नावं ठेवण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी, ऑफिसात डबा खाताना, डोक्यात लख्ख उजेड पडला की मावशीला यातलं काहीच माहीत नाही. पौर्णिमेला अकरा दिवस होते. त्या दिवशी ती हौसेने कॉम्प्युटर लावणार, बंदरावर जाणार, आणि धक्क्यावर होडी नसणार. डबा तसाच बंद केला. कंपनीला विनवणी करणारं पत्र लिहिलं. सभ्य भाषेत उत्तर आलं की मोडलेली होडी परत देता येत नाही.

घरी बायकोला सांगितलं. वाटलं हसेल. ती म्हणाली, “तू मोडलीस ना? मग तोंडावर जाऊन सांग. फोनवर नको.”

फोन करून पत्ता विचारला आणि शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर रिक्षाने कोळीवाडा गाठला. मावशी ओट्यावर सुपात सुका जवळा निवडत बसली होती. मी कल्पना केली होती त्यापेक्षा बरीच लहानखुरी, जाड भिंगांचा चष्मा. मी “मावशी” म्हणालो आणि तिने मान वर करायच्या आधीच म्हटलं, “आला गो माजा म्होरक्या!” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लगेच सांगायचा धीर होईना. ती म्हणाली, नवा समुद्र दाखव तरी. मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. उन्हाची तिरीप, फेस, जहाजं. तिने चष्मा सारखा करून शेवटपर्यंत पाहिला.

“पानी कवा उतरत नाय का हितं?”

“म्हणजे?”

“सकालपासून सांजपरत तेवराच समुद्र. ओहोटी नाय तर चिंबोरी कुठं भेटनार? चिखल कवा दिसनार?” तिने मोबाइल परत दिला. “चित्र छान हाय. बनवनारा किनाऱ्यावर राहिलेला नाय.”

मी पाच तारे दिले होते त्या समुद्राला. त्याला ओहोटी नाही हे माझ्या लक्षातही आलेलं नव्हतं.

मग मी सांगितलं. एका दमात, तिच्याकडे न बघता. शर्यत, बारा फळ्या, कंपनीचं पत्र, सगळं. तिचे हात सुपात थांबले. मी माफी मागितली, पुन्हा मागितली.

“पावसात मासा अंड्यावर असतो,” ती शेवटी म्हणाली. “तवा मारला तर पुढच्या वर्साला काय खानार? म्हनून पालतो आमी.”

“पण मावशी, गेममधला मासा अंडी घालत नाही.”

“मना म्हाईत हाय रं. पन पालायला काय तरी पायजे ना. खाडीत आता मासा नाय. आमची खरी होरी तीन वर्सांमागं तोरली, कोन घेईना म्हनून. तवापासून ती निलीच होती.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं. “ररू नको. पुनव झाली का नवी बांधू. फल्या तू आनायच्या. आनि किल्ली मना पायजे.” मी मान हलवली. किल्ली मी त्या आठवड्यातच तिच्या नावावर केली.

एवढ्यात तिचा नवरा आला. घोडबंदर रोडच्या एका टॉवरला वॉचमन, अंगावर निळसर युनिफॉर्म. काका गेम खेळत नसत, पण ड्युटीवरून आल्यावर मावशीच्या शेजारी स्टुलावर बसून होडी कुठे वळव, कुठे जाळं टाक ते सांगायचे, हे मला तिथेच कळलं. पिवळा पट्टाही त्यांनीच निवडलेला. मावशीने त्यांना त्यांच्या बोलीत दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मी उठून उभा राहिलो. त्यांनी मला खाली बसायची खूण केली, स्वतःही ओट्यावर टेकले, बूट काढले.

“तोरताना कुठून सुरू केली?” त्यांनी विचारलं. “पुढनं, नाळेकडनं, का मागनं?”

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, “काका, गेममध्ये होडी मोडायची म्हणजे तसं काही नसतं. एक बटण दाबलं फक्त.”

त्यांनी बूट नीट जोडून भिंतीशी ठेवले.

“एकच?” ते म्हणाले. “आमाला दोन दिवस लागलेले.”