चिंधीची गोळी आणि भागिरथाच्या पुड्या

कामरगावची भागिरथा लग्न होऊन रिठदकडच्या एका खेड्यात आली तेव्हा सतरा वर्षांची होती. चौथी पास होती आणि त्या चौथीचा तिला चांगलाच गर्व होता. छप्पन साली तिच्या बापाने धम्म स्वीकारला आणि घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले, तेव्हा ती दहा वर्षांची होती. टोपलीचा एक कान तिनेच धरला होता. तेव्हापासून नवस नाही, अंगारा नाही, गंडादोरा नाही. दुखलं खुपलं तर डॉक्टर, नाहीतर घरचा काढा. सासरी मूल होईना म्हणून शेजारच्या बायका कानाशी लागायच्या, अमकीला नारळ बोल, तमक्याचा ताईत बांध. भागिरथा ताडकन सांगायची, "आमी ते सोडलं. मी औषध घेऊन राह्यली."

आणि खरंच घेत होती. एकोणसत्तर साली नवरा तिला अकोल्याला एका मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. दोघांची तपासणी झाली. डॉक्टर एकट्या नवऱ्याशीच बोलले, कागद इंग्रजीत होता. एसटीत बसल्यावर नवऱ्याने तो वाचल्यासारखा केला आणि सांगितलं की तुझ्यात थोडी कमजोरी आहे, पुड्या घ्याव्या लागतील. दर महिन्याला तो पुड्या आणायचा. तपकिरी भुकटी, कडू जहर. पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर एक पुडी, अशा तिने सहा वर्षं घेतल्या. एक दिवस चुकवला नाही. देव नव्हते, नवस नव्हते, तेव्हा माणसाला असते ती सगळी श्रद्धा तिने त्या पुडीवर ठेवली होती.

नवरा म्हणजे जानराव. गुरांच्या दवाखान्यात परिचर होता, पण लोक मानाने कंपाउंडर म्हणत आणि तोही कुणाला दुरुस्त करत नसे. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येत, बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे जानरावच. बैलाला औषध पाजण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. मान वर करायची, गालफडात बांबूची नळी सारायची, दुसऱ्या हाताने गळा चोळायचा आणि तोंडाने चालू ठेवायचं, "गूळ हाय राजा, गूळ हाय." मारका बैलसुद्धा गटागट गिळायचा. भागिरथा कधी दवाखान्यात डबा घेऊन गेली तर कडुनिंबाखाली उभी राहून हे बघायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

मूल नव्हतं, पण घरात चिंधी होती. ही मांजर. तिची आई कुत्र्यांनी मारली, तेव्हा ही मुठीत मावेल एवढी होती. भागिरथाने चिंधी दुधात बुडवून तिच्या तोंडात पिळली, महिनाभर. नाव तिथूनच पडलं. चिंधीला तेव्हापासून एकच ताट ठाऊक होतं, भागिरथाचा तळहात. वाटीत ठेवलेलं दूध ती हुंगून सोडायची आणि तेच दूध ओंजळीत धरलं की चटाचटा प्यायची. जानरावने हात पुढे केला तर कान मागे टाकायची. त्याला हे लागायचं. म्हणायचा, "सारी ढोरं माहं आयकतात, अन हे वीतभर मांजर मले जुमानत नाही."

सत्त्याहत्तर सालचा हिवाळा. तुरी कापणीला आल्या होत्या. गावातल्या एका धटिंगण बोक्याने चिंधीची मांडी फाडली. दोन दिवसांत पाय सुजला, पू झाला, अंग तव्यासारखं तापलं. तिने खाणं सोडलं. भागिरथाने तिला पदरात बांधून थेट दवाखाना गाठला. डॉक्टर त्या दिवशी होते. ते हसले, पण बघितलं. जखम धुतली, सल्फाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले की चौथाई गोळी सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस द्या. पोटात गेली तर वाचेल, नाही गेली तर सांगता येत नाही.

जानरावने मिशीवर हात फिरवला. "तुमी काळजी करू नोका सायेब. इथं बैल गिळतात."

पहिल्या दिवशी त्याने चिंधीला गोणपाटात गुंडाळलं. जबडा उघडला, गोळी टाकली, तोंड मिटलं, गळा चोळला. चिंधी शहाण्या पोरीसारखी शांत बसली. जानरावने विजयाने बायकोकडे पाहिलं आणि पकड ढिली केली, तशी चिंधीने गोळी त्याच्याच मांडीवर थुंकली आणि मनगटापासून कोपरापर्यंत तीन रेघा ओढून कणगीमागे गेली. संध्याकाळी त्याने गोळी कुटून दुधात घातली. चिंधीने दुधाकडे असं पाहिलं की जणू ते शेजारच्याचं आहे. दुसऱ्या दिवशी तुपात कालवून पंजाला फासलं, चाटेल म्हणून. ती पंजा झटकत घरभर फिरली आणि तूप सतरंजीला, भिंतीला, जानरावच्या ठेवणीतल्या धोतराला लागलं. लिलाबाई शेजारीण दारातून म्हणाली, "काहो कंपाउंडर, नळी आना न नळी!" गल्ली हसली. जानरावचं तोंड एवढंसं झालं.

मग तो बायकोला म्हणाला, "तू दे. तुह्या हातचं ते खाते. गोळी लपवून दे."

"नाही." भागिरथा म्हणाली. "धरून देतो, तोंड फाकवून देतो, वरबाडलं त वरबाडू दे. पन लपवून नाही. तिले माह्या हाताचा भरोसा हाय."

तिने तसं दिलंही. दोनदा. दोन्ही वेळा अर्धीअधिक गोळी बाहेर आली. तिसऱ्या दिवशी चिंधी पाण्याकडेही बघेना. नुसती चुलीपाशी पडून राहिली, पोट आत गेलेलं, डोळ्यांवर पापुद्रा आलेला. 

त्या दिवशी बाजार होता. जानराव बाजारातून सुकट घेऊन आला. स्वतः भाजली, कुटली, भाकरीत मळली आणि सुपारीएवढे चार गोळे करून ताटलीत ठेवले.

"घे. खाऊ घाल तिले."

"औषध त नाही न यात?"

"इमानानं सांगतो, नाही. आंधी पोटात काई पडू दे, औषधाचं उद्या पाहू."

भागिरथाला हायसं वाटलं. सुकटीच्या वासाने चिंधीची मान हलली. तळहातावरचा पहिला गोळा तिने खाल्ला. दुसराही खाल्ला. भागिरथाच्या डोळ्यांत पाणी आलं. "खाय माय, खाय," म्हणत तिने तिसरा पुढे केला. चिंधीने तो दाढेखाली धरला आणि एकदम थबकली. तोंडाला फेस आला, पांढरा, तारा धरणारा फेस. ती डोकं झटकू लागली, जीभ बाहेर काढून ओकाऱ्या देऊ लागली, आणि मधेच तिने मान वर करून भागिरथाकडे पाहिलं. मग तीन पायांवर उडी मारून उतरंडीवर, तिथून आढ्यावर, आणि छपराच्या कवेलूंच्या फटीतून बाहेर.

भागिरथा तळहात तसाच धरून बसली. त्यावर सुकटीचा चुरा होता आणि त्यात पांढरी पूड.

"तुमी म्हनलं औषध नाही म्हनून."

"अवं, सांगतलं असतं त तू देल्लं नसतं."

"माह्या हातानं काहून फसवलं तिले? तुमच्या हातानं फसवाचं होतं."

जानराव खुशीत होता. अर्धी का होईना, गोळी पोटात गेली होती. तीन दिवसांची नाचक्की फिटली होती. खुशीत माणसाची जीभ सैल सुटते. तो हात धूत म्हणाला, "इतकं काय मनाले लावून घेतं? जहर थोडी हाय! न सांगता देल्लं त काय बिघडलं? तुले सा वर्सं चारल्या पुड्या, तुले काई झालं का?"

बोलून गेला आणि लोटा हातात तसाच राहिला.

भागिरथाला आधी काही कळलं नाही. मग हळूहळू कळायला लागलं.

"मले त सांगून देल्ल्या. अकोल्याच्या डाक्टरच्या व्हत्या न त्या?"

जानराव लोटा विसळू लागला.

"कायच्या व्हत्या?"

"जाऊ दे न आता. झाले ते दिवस."

"कायच्या व्हत्या म्हनतो मी!"

"दवाखान्यातल्या," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "ढोरं चारा खात नाहीत तवा देतात ते. भूक लागाची भुकटी. त्यानं काई होत नाही, उलट चांगलीच असते."

"अन अकोल्याच्या कागदात काय व्हतं?"

जानरावने लोटा खाली ठेवला. "दोष माह्यात सांगतला व्हता," तो म्हणाला. "मले तोंड नव्हतं भागिरथे. एवढा मानूस मी गावात."

भागिरथा आठवत होती. बहात्तरच्या दुष्काळात घरात सरकारी लाल ज्वारी यायची, तीही मोजून. सासूच्या, नवऱ्याच्या पानात वाढल्यावर टोपल्यात अर्धी भाकर उरायची आणि हिची भूक मात्र आगीसारखी पेटलेली. खडी फोडायच्या कामावर बायका म्हणत, आमची भूकच मेली. हिची मरत नव्हती. तिला स्वतःची लाज वाटायची. रात्री पाणी पिऊन झोपायची आणि पहाटे उठून पुन्हा पुडी घ्यायची. आणि मनात कुठेतरी बरंही वाटायचं, की भूक लागते म्हणजे औषध लागू पडतंय, कूस जागी होतेय. ढोराची भुकटी! पंचाहत्तर साली नवा डॉक्टर आला, तो औषधांच्या कपाटाची किल्ली स्वतःजवळ ठेवू लागला. त्याच महिन्यात जानराव म्हणाला होता की तुझा कोर्स पुरा झाला. हेही तिला आता आठवलं.

पण हे सगळं एका बाजूला. तिला आतून कापत गेलं ते वेगळंच. त्र्याहत्तर साली सासूने, चतुराबाईने, पोराचं दुसरं लग्न काढलं होतं. मुलगीही बघून ठेवली होती. भागिरथा कामरगावला परत जायच्या तयारीने पेटी भरून बसली होती. तेव्हा जानरावने चार माणसांत उभं राहून सांगितलं, "मले दुसरी बायको करनं नाही. मूल नसलं त नसलं. मी भागिरथेले टाकत नाही." लोकांनी वाखाणलं. सासू तोंड फिरवून बसली ती मरेपर्यंत. भागिरथाने त्या रात्री नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि नंतरची चार वर्षं मनातल्या मनात रोज ठेवलं. त्याने आवाज चढवला तरी ती गप्प बसायची. या माणसाने माझ्यासाठी आईशी वैर घेतलं, म्हणायची.

"आईले नाही म्हनलं तुमी," ती हळूच म्हणाली, "ते मा‍ह्यासाठी का?"

जानराव उठून सांडलेला सुकटीचा चुरा झाडू लागला. दुसरी आणली असती तर तिलाही मूल झालं नसतं, आणि मग गावाने कंपाउंडरकडेच बोट दाखवलं असतं. हे भागिरथाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती चौथी पास होती.

उरल्या दिवसांची गोळी कुणी दिलीच नाही. चिंधी मेली नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी ती लंगडत खाली उतरली, गळू फुटून वाहून गेलं होतं. आणि मांजराची जात बघा! आठ दिवस भागिरथाच्या हाताला तोंड लावीना, आणि जानराव रोज सुकट आणतो म्हणून त्याच्याच पायांत घोटाळू लागली. तो पाटावर बसला की त्याच्या मांडीवर चढून घुरघुरायची. भागिरथा भाकरी थापता थापता ते बघायची. तिला मांजरीचा राग आला, इतका की स्वतःचंच नवल वाटलं.

घर मोडलं नाही. अशी घरं मोडत नसतात. भाकरी वेळेवर होती, धोतर धुतलेलं होतं. पण जानरावने आणलेलं ती काही तोंडात घालीना. बाजारातून त्याने शेव आणली तर ती लिलाबाईच्या पोरांना वाटायची. हिवतापाने फणफणली तेव्हा त्याने पुढे केलेली गोळी तिने बाजूला ठेवली, घोंगडी पांघरून एसटीत बसली आणि एकटी वाशीमच्या दवाखान्यात गेली. जानरावने एकदा हात जोडले. म्हणाला, "कोनाले सांगू नोको. मले गावात तोंड दाखवाले जागा राहनार नाही." तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वर्षभर मात्र ती गप्प राहिली.

पुढच्या वर्षी लिलाबाईच्या सुनेला मुलगा झाला. नामकरणाला वस्तीतल्या सगळ्या बायका जमल्या. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं, पाळणा सजला. बाळ या हातातून त्या हातात फिरू लागलं आणि भागिरथापाशी आलं तशी सोजरबाई नावाच्या म्हातारीने ते मधल्यामधे उचलून पलीकडच्या बाईला दिलं. वाईट हेतूने नाही, सवयीने. दहा-बारा वर्षं असंच चालत आलं होतं. देव सोडले होते, हे सुटलं नव्हतं. मग म्हातारीला थोडं चुकल्यासारखं झालं असावं. भागिरथाच्या पाठीवर हात ठेवून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पन भागिरथे, नशीबवान हायेस तू. तुहा जानराव देवमानूस. दुसरा असता त कवाच दुसरी घेऊन आला असता."

हे वाक्य आलं की भागिरथा दर वेळी मान खाली घालायची. ओट्यावर पुरुषमंडळी बसली होती, त्यांत जानरावही होता. दार उघडं होतं.

"आनाले पाह्यजे व्हती," भागिरथा म्हणाली. "दुसरी आनली असती, तिसरी आनली असती, त आज तिघीजनी अशाच बसलो असतो. बाळ तिघींच्याबी डोक्यावरून गेलं असतं."

सोजरबाईने एकदा भागिरथाकडे पाहिलं, मग उघड्या दारातून ओट्याकडे. बाहेर कुणीतरी खाकरलं. जानराव उठला, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच घराकडे चालू लागला. भागिरथाने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "आना ते लेकरू इकडं." पलीकडच्या बाईने दिलं.