बोटीचं पासिंग

मी पाण्याला भिते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको.

माझं माहेर वैनगंगेच्या अगदी काठावर. पूल व्हायच्या आधी पैलतीरावर जायचं तर डोंग्यात, लाकडाच्या अरुंद होडीत, बसून जावं लागे. नदीकाठच्या माणसांना पाण्याची सवय असते असं लोक समजतात. सवय असते ती भीतीची. आमच्याकडे एक रीत होती, एका डोंग्यात एक घर बसत नाही. लग्नाला निघालो तरी आई आणि मी पहिल्या खेपेला, बाबा आणि भाऊ दुसऱ्या. आम्ही पलीकडे उतरायचो आणि त्यांचा डोंगा काठाला लागेपर्यंत आई एक शब्द बोलायची नाही. लहानपणी मला वाटायचं, जागा पुरत नाही म्हणून असं करतात. मोठी झाल्यावर कारण समजलं, आणि तेव्हापासून नाव दिसली की मी मागे सरते.

सासर दिघोरीचं. ही माणसं तलावाची. तलावाचं पाणी एका जागी थांबलेलं, त्यात म्हशी बसतात, त्यामुळे पाणी म्हणजे यांना गोठ्यातलं जनावर वाटतं. अशा घरात नवऱ्याने मोटरबोट आणली. सिहोऱ्याकडच्या कोणा माणसाकडून, जुनी, पण रंग ताजा. पांढरी, कडेला निळा पट्टा, मागे इंजिन. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीवर बसून ती अंगणात आली तेव्हा सगळा मोहल्ला बघायला जमला. नवरा नवरदेवासारखा मिरवत होता.

"संक्रांतीले सगळ्या घराले धरणाच्या पाण्यात फिरवून आणतो," तो म्हणाला. सगळ्या घराले म्हणजे तो, मी, सासूबाई आणि आमची सात वर्षांची मुलगी. एका बोटीत.

मी रीत सांगितली. तो हसला. "काहून भिऊन राहिली तू? हा डोंगा नोहे, बोट हाय. पासिंग झालेली बोट."

पासिंग झालेली, हे गावानेही मान्य केलं होतं, कारण नंबर होता. एमएच छत्तीस, पुढे इंग्रजी अक्षर, पुढे आकडे. पेंटरकडून तो बोटीच्या नाकावरही मोठ्या अक्षरांत काढून घेतला होता. येणारा-जाणारा तो नंबर वाचायचा आणि मान डोलवायचा. मला तो वाचून दोन दिवसांनी उजेड पडला. नंबर ट्रॉलीचा होता. आरटीओने पास केली होती ती ट्रॉली, आणि बोट तिच्यावर बसली म्हणून तीही पास झाली असं आमच्या लोकांनी धरलं होतं. उद्या मी ट्रॉलीत बसले तर माझंही पासिंग झालं म्हणतील.

"ट्रॉलीचं झालं, बोटीचं कोणी केलं?" मी विचारलं.

"एकच हाय ते," तो म्हणाला.

भीतीला आमच्या घरात कोणी विचारत नाही, कायद्याला विचारतात. म्हणून मी कायदा धरला. मी शाळेत शिकवते, घरातले सगळे अर्ज मीच भरते, तेव्हा हे काम माझ्याकडेच येणार होतं. तहसिलीत विचारलं तर तिथला बाबू म्हणाला, "म्याडम, इथं ट्रॅक्टरचं विचारा, सांगतो." शेवटी बंदर खात्याच्या एका साहेबांशी फोनवर बोलणं झालं. भंडाऱ्यात बंदर कुठलं, असं मनात आलं, पण ते गृहस्थ शांतपणे सांगत गेले. इंजिनाची बोट, मग ती समुद्रात असो की धरणात, तिची आरटीओत नाही, वेगळी नोंदणी लागते. त्याआधी तपासणारा माणूस येऊन तिची लांबी, रुंदी, खोली मोजतो, सांगाडा आणि इंजिन बघतो, किती माणसं पेलेल ते ठरवतो. तेवढी लाइफ जॅकेटं बोटीत लागतात. विमा लागतो. नंबर मिळाला की तो दोन्ही बाजूंना रंगवायचा. आणि सगळ्यात आधी बोट कोणाची, हे दाखवायचं. कोणी बनवली, पहिल्यांदा कोणी घेतली, त्याच्याकडून कोणाकडे गेली, सगळी साखळी.

साखळीची आमच्याकडे एकच कडी होती, एक स्टॅम्पपेपर. त्यावर "बोट विकली" एवढंच. विकणाऱ्याच्या नावावर ती कधी होती का, याचा पत्ता नाही. इंजिनावरचा नंबर रंगाखाली बुजला होता. मी त्या माणसाला फोन लावला. बोट कोणी बनवली, आधी कोणाकडे होती, एवढंच विचारलं. "घेतली तशी देली, बाई," तो म्हणाला, आणि नंतर फोन उचलायचा बंद झाला. दुष्काळात तेरावा महिना. मला आता पाण्यापेक्षा बोटीची भीती वाटू लागली. जिचं मागचं कोणी सांगत नाही अशी वस्तू लपवावं असं काहीतरी पोटात घेऊन आलेली असते, असं मला वाटत राहिलं. ती अंगणात होती तोवर मी मुलीला तिच्यात चढू दिलं नाही.

"तपासणी झाल्याशिवाय मी बसणार नाही आणि पोरीलाही बसू देणार नाही," मी जाहीर केलं.

नवरा चिडला. "साहेब कायले पायजे? तुमचा साहेब येते तवा येते. मीच करतो तपासणी."

त्याची तपासणी म्हणजे धानाचे कट्टे. मळणी नुकतीच झाली होती, पडवीत पोत्यांची थप्पी होती. एका मोठ्या माणसाला दीड कट्टा, असा त्याने हिशेब धरला. एका सकाळी बोट तलावावर नेली, पाण्यात सोडली आणि कट्टे लादू लागला. मुलीला हा खेळ वाटला. तिने गेरू कालवून आणला आणि पोत्यांवर तोंडं काढली. "ही आई. ही आजी." आजीच्या कपाळावर मोठं कुंकू काढलं. स्वतःसाठी तिने अर्धा कट्टा मागून घेतला, त्याचं तोंड नुसत्या सुतळीने बांधलेलं होतं. त्याला तिने दोन वेण्या काढल्या.

सासूबाई म्हणाल्या, "हे काय काढून राहिली, पोरी? पुसून टाक ते."

"राहू दे ना, आई. खेळून राहिली ते," नवरा म्हणाला.

सगळं घर बोटीत बसलं होतं. मी मागच्या बाजूला, माझ्या शेजारी दोन वेण्यांचा अर्धा कट्टा, समोर आजी. मी स्वतः काठावर उभी होते. मुलीचा हात मी इतका घट्ट धरला की ती "आई, दुखते" म्हणाली.

बोट तरंगली. नवऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली, पाहिलं ना, अशी. मग इंजिन सुरू केलं आणि तलावाच्या मधोमध गेला. काठावरची माणसं हात हलवत होती. वळताना त्याने वेग वाढवला. काहीतरी तडकल्याचा आवाज आला, फार मोठा नाही, वाळलेली फांदी मोडावी एवढाच. इंजिन एकदम खाली झुकलं. मागून पाणी आत आलं, कट्टे मागे सरकले, आणि मी दोनदा श्वास घ्यायच्या आत बोट उलटली.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. सासूबाई सांगतात, मी नुसती मुलीला छातीशी दाबून खाली बसले. नवरा लगेच वर आला, त्याला पोहता येतं. पण मी त्याच्याकडे बघत नव्हते. मी कट्ट्यांकडे बघत होते. ते लगेच बुडत नाहीत. थोडा वेळ तरंगतात, गुडगुड करत पाणी पितात, आणि मग एकेक खाली जातात. आजीचं कुंकू वर होतं, ते गेलं. माझं तोंड गेलं. अर्धा कट्टा हलका म्हणून शेवटपर्यंत राहिला. नवरा त्याच्याकडे पोहत निघाला होता. तो पोचायच्या आधी कट्टा आडवा झाला आणि दिसेनासा झाला.

मासे धरणारी माणसं जाळी घेऊन आली. त्यांनी बोट ओढून काठाला आणली. इंजिन बसवायच्या मागच्या फळीवरचा पांढरा रंग सोलून निघाला होता आणि आत जुनी लांब भेग दिसत होती. भेगेत पुट्टी भरली होती. पुढे एमएच छत्तीस तसाच चकचकीत होता. माणसं भेगेकडे बघत उभी राहिली.

दुपारपर्यंत एकेक कट्टा बाहेर निघाला. गेरू धुऊन गेला होता, त्यामुळे कोण कोणता ते कळत नव्हतं. अर्धा तेवढा नव्हता. मुलीच्या ते लक्षात आलं. "बाबा, मी कोठं आहो?" तिने विचारलं.

नवरा काठावर ओल्या अंगाने थरथरत बसला होता. तो उठला आणि पुन्हा पाण्यात गेला. एकदा बुडी मारून रिकाम्या हाताने वर आला. मग दुसऱ्यांदा. दर वेळी तो खाली गेला की मी पाण्याकडे बघत राही, आईसारखी, एक शब्द न बोलता. त्याचे ओठ निळे पडले होते. जाळीवाल्यांनी त्याला दोनदा बोलावलं.

"बाहेर ये रे, बापू," शेवटी सासूबाई म्हणाल्या. "धानच होय तो."

"मले मालूम हाय," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा बुडी मारली.