पाहुण्यांचा दुभाषी

"हळू बोला ताई, सायेब आयकून राह्यले," असं म्हणत तो आधी दाराकडे पाहायचा. साहेब तेव्हा मुंबईत असले तरीही.

आमच्या अकोल्याच्या कचेरीत तो दुभाषी होता. परदेशी बँकेच्या कर्जातून खारपाणपट्ट्यातल्या गावांत पाणी गोडं करणारी यंत्रं बसवली होती. यंत्र सरकारचं, पैसा बँकेचा, आणि बिघडलं की कोणाचंच नाही. बँकेचे पाहुणे पाहणीला आले की त्यांच्या आणि गावाच्या मध्ये हा उभा. नोकरी कंत्राटी. मोबाइल वाजला तरी दचकायचा. "अहो, रिचार्ज संपल्याचा मेसेज असेल," मी चिडवायचे. तो हसायचा आणि घाम पुसायचा. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेलच, पाहा.

मागच्या उन्हाळ्यात पाहुणे आले. त्या गावचं यंत्र दिवाळीपासून बंद होतं. साहेबांनी सकाळीच टँकर आणून टाकी भरून घेतली आणि याला दटावलं, "कोणी काहीही बोललं तरी तू चांगलंच सांगायचं." पाहणी पार पडली की योजना यशस्वी म्हणून फाइल बंद होणार, मग दुरुस्तीला कोणी फिरकणार नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

पाहुणी बाई नळाखाली पेला धरून कौतुकाने हसत होती. तेवढ्यात गावातल्या एका म्हातारीने याचा हात धरला.

"बापू, त्यायले सांग, हे मशीन बंद हाये. आज टँकरचं पानी टाकलं. माह्या पोराच्या किडन्या गेल्या ना ह्या खाऱ्या पान्यानं."

ती काय म्हणाली, असं पाहुणीने विचारलं. साहेब त्याच्याकडे रोखून पाहत होते. मी बाजूलाच उभी होते. त्याचा आवाज कापत होता, पण त्याने सगळं सांगितलं, टँकरसकट.

यंत्र चालवणं हे सरकारचं काम, पाहुणी म्हणाली. दुरुस्तीला बँकेने पैसाच ठेवला नाही, साहेब म्हणाले. यंत्र बंदच राहिलं, फाइल तेवढी उघडी राहिली.

परत येताना जीपमध्ये तो म्हणाला, "ताई, मले लय भेव वाटून राह्यलं."

"मंग सांगितलं कावून?"

"तिनं हात सोडलाच नाई."

त्याचं कंत्राट वाढलं नाही. आता त्याचा फोनही लागत नाही. कुठे असेल, काय करत असेल, या विचाराने जीव कासावीस होतो.

सोमवारी त्याच गावात नवे पाहुणे येताहेत, फाइल बंद करायला. दुभाषी म्हणून साहेबांनी माझं नाव घातलंय. माझी नोकरीही कंत्राटीच. गावात ही खबर पोचली असावी, काल त्या म्हातारीचा फोन आला.

"पोरी, तू येशीन ना? मी तुह्याजवळच उभी राहीन."

मी हो म्हणाले. तेव्हापासून मोबाइल वाजला तरी मी दचकते.