टॉवरची सावली

टॉवर उभा राहिला तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त खूश कोण झालं असेल, तर वानफेनमावशी. बँकॉकचं ऊन म्हणजे काय चेष्टा आहे? वर पत्रा तापलेला, खाली शेगडी पेटलेली, आणि नूडल्स खायला बसलेलं गिऱ्हाईक घामानं निथळतंय. टॉवरचे मजले चढत गेले तशी दुपारची सावली गल्लीत सरकत आली. मावशीनं लगेच स्टुलं बाहेर मांडली. "एवढ्या मोठ्या कंपन्यांनी माझ्यासाठी छत्री उघडलीय," असं ती ज्याला त्याला सांगायची. धंदा वाढला. लेकीला, ओरथाईला, टॉवरमध्येच साफसफाईचं काम लागलं.

मावशीच्या अंगणात खांबावर जागेच्या राखणदाराचं छोटं देवघर होतं. त्याच्यावर घराची सावली पडू द्यायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मावशीच्या नवऱ्यानं छपराची सावली चुकवूनच ते बसवलं होतं. तो बिचारा पुढं वारला. टॉवरच्या सावलीचा विचार कुणी केलाच नाही. टॉवर काय आपलं घर होतं?

ओरथाईचं पहिलं बाळ पोटातच गेलं. दुसरंही गेलं, तेव्हा मावशीच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. तिसऱ्या खेपेला तिनं पुजाऱ्याला बोलावलं. देवघर हलवायचं, पण हलवायचं कुठं? पांढऱ्या कपड्यांतला तो म्हातारा अंगणभर फिरला.

"बाई, दुपारचं ऊन राहिलंय कुठं तुमच्याकडं?"

"मग राखणदारानं जायचं कुठं?"

"जिथं ऊन असेल तिथं जातो तो."

सात महिन्यांचं पोट सांभाळत ओरथाई दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, तोही टॉवरमध्ये कामाला लागला असेल. गल्लीतलं तिथं लागायचं दुसरं कोण राहिलंय?"

पुजारीसुद्धा हसला. मावशीला हसू आलं नाही.

टॉवरचं स्वतःचं देवघर मात्र पुढच्या चौकात, भर उन्हात. साहेब लोकांनी सगळं बघून-सवरून जागा काढली होती. स्वतःची सावली स्वतःच्या देवावर पडू नये, एवढी अक्कल त्यांना होती.

आणि एका दुपारी जावयाचा फोन आला. ओरथाईला दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्यात आत कुणाला सोडत नव्हते. मावशीनं शेगडी विझवली. राखणदाराला वाहायची लाल सरबताची बाटली आणि फुलांची माळ घेऊन ती अंगणात आली, तर देवघर सावलीत बुडालेलं. ती तशीच टॉवरकडे धावली.

तिथला पहारेकरी बुनमी तिच्याकडचंच गिऱ्हाईक. "या मावशी, देवाला कुणाची मनाई नाही," म्हणाला आणि बाजूला झाला.

मावशीनं माळ वाहिली, बाटलीत नळी घातली, हात जोडले. आधी आपलं नाव आणि पत्ता सांगायची रीत. नाव सांगितलं, आणि पत्त्यापाशी ती अडखळली. ती गल्ली या राखणदाराची थोडीच होती!

"मी तुझ्या जागेतली नाही, बाबा," ती शेवटी म्हणाली. "पण माझी लेक तुझी आहे. तुझा एकविसावा मजला ती पुसते. पोट पुढं आलं तरी पुसत होती. तिचं तेवढं बघ."

मुलगी झाली होती. संध्याकाळपर्यंतही राहिली नाही.

ओरथाई घरी आली ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आईनं भरवलं तर खायची, नाहीतर नाही. मावशीला वाटायचं, तिला सांगावं की चूक माझी, छत्री छत्री म्हणून मीच नाचले. पण सांगून काय होणार होतं? टॉवर काय कुणाच्या हलवण्यानं हलणार होता?

आणि घर तर चालवायचं होतं. एका दुपारी तिनं पुन्हा शेगडी पेटवली. सावली आली, तिच्या मागोमाग गिऱ्हाइकं आली. टॉवरमधला एक कारकून रुमालानं मान पुसत म्हणाला, "मावशी, तुमच्याकडं किती गार वाटतं हो."

मावशीनं त्याचं स्टूल आणखी थोडं आत, सावलीत सरकवून दिलं.